मैफलीइतकाच प्रवासही: पं. भीमसेन जोशी यांची सहा दशकांची भ्रमंती
विशेष प्रतिनिधी, अलिबाग

पुण्याहून मुंबईकडे येणारा जुना महामार्ग खंडाळ्याचा बोरघाट उतरतो आणि खोपोलीला रायगड जिल्ह्यात शिरतो. पुढे चौक, पनवेल आणि मग मुंबई. खोपोलीहूनच एक फाटा पेणमार्गे अलिबागच्या किनाऱ्याकडे वळतो. द्रुतगती महामार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला. त्यापूर्वी पुण्या-मुंबईतील कलावंतांची सारी ये-जा या एकाच घाटातून होत असे. नाटक कंपन्यांच्या बसगाड्या, तमाशाचे फड आणि गवयांच्या मोटारी असे सगळेच या वळणांवर एकमेकांना ओलांडत. त्या मोटारींपैकी एक अनेकदा स्वतः गवईच चालवीत असे. ते गवई म्हणजे पं. भीमसेन जोशी. आयुष्याची साठहून अधिक वर्षे त्यांनी गावोगावच्या मैफलींत काढली. त्यांच्या गायकीवर विपुल लेखन झाले आहे. पण ज्या प्रवासावर ही गायकी उभी राहिली त्याचा विचार स्वतंत्रपणे क्वचितच होतो.

रसिकांनी त्यांना प्रेमाने ‘हवाई गंधर्व’ म्हटले. गुरूंच्या ‘सवाई गंधर्व’ या पदवीवरची ही कोटी होती आणि ती अगदी चपखल बसली. आज कोलकाता, उद्या दिल्ली, परवा हुबळी असा त्यांचा क्रम असे. विमान हे सामान्य माणसाच्या कल्पनेतही नव्हते, त्या काळात शास्त्रीय गायक सतत विमानात असतो याचेच लोकांना अप्रूप वाटे.

प्रवासाची सुरुवात मात्र विनातिकीट झाली. 4 फेब्रुवारी 1922 रोजी तत्कालीन धारवाड जिल्ह्यातील (आता गदग जिल्हा) रोण येथे त्यांचा जन्म झाला. वडील गुरुराज जोशी शिक्षक होते आणि भीमसेन हे सोळा भावंडांतील थोरले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका कानी पडली आणि गाणे शिकायचेच, या ध्यासाने 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. भातावर आणखी तूप मिळाले नाही म्हणून मुलगा रुसून निघाला, अशीही हकिकत सांगतात. ती खरी असली तरी ते निमित्तच म्हणायचे. तुपासाठी रुसलेला मुलगा संध्याकाळी घरी परततो. हा मुलगा तीन वर्षे परतला नाही.

त्या तीन वर्षांत या मुलाने निम्मा हिंदुस्थान पालथा घातला. खिशात पैसे नव्हते. सहप्रवाशांना गाणे ऐकवायचे, कोणी दिले तर खायचे आणि तिकीट तपासनिसाने उतरवले तर पुढच्या गाडीची वाट पाहायची, असे दिवस होते. ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या मदतीने प्रवेश मिळाला. कोलकात्यात अभिनेते पहाडी सन्याल यांच्या घरी घरकाम करून ते राहिले. जालंधरला भक्त मंगतराम या दृष्टिहीन धृपदियांकडे शिक्षण घेतले. तेथील हरिवल्लभ संगीत संमेलन 1875 पासून भरते आणि देशभरचे गवई तेथे हजेरी लावतात. अशाच एका संमेलनात पं. विनायकराव पटवर्धन यांनी मुलाला विचारले की, तुझ्या धारवाडजवळच रामभाऊ कुंदगोळकर असताना तू इतक्या दूर काय करतो आहेस? गुरूच्या शोधात देश धुंडाळून झाल्यावर गुरू घराजवळच असल्याचे कळले. अखेर वडिलांनी जालंधरला जाऊन मुलाला परत आणले.

1936 पासून कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांकडे तालीम सुरू झाली. तेथेच गंगूबाई हनगल यांच्याशी गुरुबंधुत्व जुळले. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने शिकायला येत आणि रात्री परतताना त्यांना स्थानकापर्यंत सोबत करण्याचे काम लहानग्या भीमसेनकडे असे. पाणी भरणे, पडेल ते काम करणे आणि एकेका स्वरावर महिनोन् महिने मेहनत घेणे, असे हे शिक्षण होते. पुढे आयुष्यभर प्रवासाचा शीण गळ्यावर दिसला नाही, त्याचे मूळ या मेहनतीत असावे, असे जाणकार मानतात. मला हे पटते. रात्रभर प्रवास करून सकाळी षड्ज लावताच तंबोऱ्याशी आवाज एकजीव व्हायचा, तर स्वर शरीरात फार खोल रुजलेला असावा लागतो.

घराण्यातच फिरस्ती

किराणा घराण्याला प्रवास नवा नव्हता. खुद्द अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थिरावले, पण अखेरपर्यंत दौऱ्यावरच राहिले. ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेत त्यांची प्रकृती बिघडली. ते सिंगपेरुमल कोईल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तेथील फलाटावरच त्यांनी देह ठेवला. सवाई गंधर्वांनी नाटक कंपन्यांतून वर्षानुवर्षे भूमिका केल्या. म्हणजे त्यांचे बिऱ्हाडही पाठीवरच होते. भीमसेनजींनी तीच वाट धरली. बदलली ती वाहने आणि वाढली ती अंतरे.

1941 मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांची पहिली जाहीर मैफल झाली. पुढच्या वर्षी एचएमव्हीने त्यांची कन्नड व हिंदी भक्तिगीतांची ध्वनिमुद्रिका काढली. 1943 मध्ये ते मुंबईला आकाशवाणीवर आले. जानेवारी 1946 मध्ये पुण्यात सवाई गंधर्वांच्या षष्ट्यब्दीनिमित्त झालेल्या त्यांच्या गायनाने पुणेकर थक्क झाले आणि आमंत्रणांचा ओघ सुरू झाला. तो त्यानंतर जवळजवळ थांबलाच नाही.

इतके का फिरावे लागे?

हा प्रश्न आजच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. उत्तराचा मोठा भाग अर्थकारणात आहे. 1947-48 नंतर संस्थाने विलीन झाली आणि दरबारी गवयाचे निश्चित वेतन संपले. आकाशवाणीचे मानधन तुटपुंजे होते. ध्वनिमुद्रिकेने नाव गावोगावी पोहोचे, पण तिच्या उत्पन्नावर संसार चालत नसे. लाँगप्ले तबकड्या व कॅसेट यांचा खरा सुकाळ पुढे झाला. राहिली ती मैफलीची बिदागी. ती मिळवायची तर गवयाने रसिकांच्या गावी जायला हवे. भीमसेनजींवर दोन कुटुंबांची जबाबदारी होती. सुनंदा कट्टी यांच्याशी 1944 मध्ये आणि वत्सला मुधोळकर यांच्याशी 1951 मध्ये त्यांचे विवाह झाले होते. त्यांना एकूण सात अपत्ये. नोकरी नव्हती आणि निवृत्तिवेतनही नव्हते. गळा बसला तर त्या महिन्याचे उत्पन्नही बसणार, अशी ही स्थिती होती. तीत अनेक मोठे गवई होते, फक्त त्याची चर्चा करण्याची रीत नव्हती.

मैफलींचे वर्षही शेतीसारखे ऋतूंवर चाले. गणेशोत्सवापासून हंगामाला तोंड फुटे. नवरात्र, दिवाळी, डिसेंबर-जानेवारीतील कोलकात्याच्या रात्रभर चालणाऱ्या परिषदा, जालंधर, मग रामनवमी आणि हनुमान जयंतीचे उत्सव अशी ही साखळी होती. बंगालच्या रसिकांनी त्यांच्यावर महाराष्ट्राइतकेच प्रेम केले, आणि कर्नाटक तर माहेरच. पावसाळ्यात हंगाम ओसरे. आमच्या किनाऱ्यावर तर तो पूर्णच थांबे. पावसाळ्यात मुंबईहून रेवस-मांडव्याच्या लाँचचा भरवसा नसे, अलिबाग गाठायचे तर पेण-वडखळचा खड्ड्यांचा रस्ताच उरे, आणि वाद्ये घेऊन त्या रस्त्याने येणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

वाद्यांचा विषय निघाला आहे तर तो नीट सांगायला हवा, कारण दौऱ्याचे अर्धे कष्ट वाद्यांचेच असतात. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेले फळ. मिरजेचे कारागीर तो वर्षानुवर्षे जपून निवडतात. तो धक्क्याने तडकतो, उन्हाने उलतो. मोटारीत जागेचा पहिला मान तंबोऱ्यांचा आणि त्यांना सांभाळून उरलेल्या जागेत माणसांनी बसायचे. पुण्याच्या कोरड्या हवेत लावलेले वाद्य घाट उतरून कोकणात आले की दमट हवेने तबल्याची पुडी उतरते, तारा ढळतात आणि जवारी बिघडते. मग मैफलीपूर्वी तासभर हातोडी, मणी आणि सुताचा दोरा यांचा खेळ चालतो. ऐंशीच्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक तंबोरे आले आणि पुष्कळ कलावंतांचे ओझे हलके झाले. भीमसेनजींच्या मागे मात्र दोन्ही बाजूंना खरे तंबोरे आणि ते छेडणारे शिष्य हेच दृश्य शेवटपर्यंत राहिले. त्यांच्या गाण्याला ती भरीव आस आवश्यकच होती.

आणि साथीदार? नाना मुळे, वसंत आचरेकर, आप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर, तुळशीदास बोरकर ही नावे जाणकारांना ठाऊक आहेत. गायकाचे नाव भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत असे आणि साथीदारांचे बारीक. मात्र रात्रीचा प्रवास दोघांनाही सारखाच. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेखन फारच कमी झाले आहे आणि ही उणीव आम्हा वृत्तपत्रवाल्यांचीही आहे.

सुकाणू स्वतःच्या हाती

भीमसेनजींना मोटारींचे वेड होते. त्यांना केवळ चालवण्याचीच नव्हे, तर यंत्राची पोटापर्यंत माहिती होती. बॉनेट उघडून दोष शोधण्यात त्यांना गाण्याइतकाच आनंद मिळे, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे. शेकडो किलोमीटर स्वतः गाडी हाकायची, उतरल्यावर थोडी विश्रांती घ्यायची आणि व्यासपीठावर बसायचे. मैफल संपली की पुन्हा रस्ता. वेगाचीही त्यांना भीती नव्हती. सोबत बसणाऱ्यांना ती असे, हा भाग वेगळा! मुंबईची मैफल आटोपून मध्यरात्री घाट चढणारी त्यांची गाडी ही त्या पिढीतील पुणेकरांच्या आठवणींचा एक भाग आहे.

या जीवनपद्धतीची किंमतही होती. मद्यपानाच्या सवयीने काही वर्षे त्यांच्या मैफलींवर सावट आणले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही. रात्रीची जागरणे, अनोळखी मुक्काम, मैफलीनंतर उतरत न जाणारी उत्तेजना आणि आग्रह करणारे चाहते अशा वातावरणात सवय लागणे सोपे आणि सोडणे अवघड. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती निर्धाराने सोडली. त्यानंतरची त्यांची वीस वर्षे ही अनेकांच्या मते सर्वांत तेजस्वी. घराला मात्र ते थोडेच मिळाले. ज्येष्ठ पुत्र राघवेंद्र जोशी यांनी ‘गाणाऱ्याचे पोर’ या पुस्तकात वडिलांच्या गाण्याविषयीच्या ओढीबरोबरच त्यांच्या अनुपस्थितीविषयीही मोकळेपणाने लिहिले आहे. ‘कलावंताचे घर’ या शब्दाला आपण जो सोनेरी मुलामा देतो, तो हे पुस्तक वाचल्यावर टिकत नाही.

त्यांच्यावरील एक जुना आक्षेपही येथे तपासायला हवा. भीमसेनजी मोजकेच राग गातात, असे म्हटले जाई. शुद्ध कल्याण, मियाँकी तोडी, पूरिया धनाश्री, मुलतानी, दरबारी, मालकंस, अभोगी यांचीच पुनरावृत्ती होते, अशी तक्रार होती. त्यात तथ्य आहे. ‘कलाश्री’सारख्या रागाची त्यांनी निर्मिती केली, पण अनवट रागांचा संग्रह मांडण्याची हौस त्यांना नव्हती. मात्र जो गवई एका आठवड्यात चार गावी गातो, त्याच्या प्रत्येक गावचा श्रोता वेगळा असतो. अकोल्याच्या श्रोत्याने शुद्ध कल्याण कोल्हापुरात ऐकलेला नसतो. उलट त्याच रागात रोज नव्याने उतरावे लागते आणि कालची जागा आज तशीच घेतली तर ती गवयाला स्वतःलाच बोचते. त्यांच्या एकाच रागाची निरनिराळ्या वर्षांची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. आलापीची वाढ, तानांची झेप आणि सम गाठण्याची रीत यांत इतका फरक आढळतो की पुनरावृत्ती हा शब्द अपुरा पडतो. केसरबाई केरकर आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीचे संस्कारही त्यांच्या किराणा गायकीत मिसळलेले होते. ठिकठिकाणच्या परिषदांत इतरांना ऐकण्याची संधी मिळाली नसती, तर हे कितपत झाले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

संतवाणी आणि नवा श्रोता

दौऱ्यांचा विस्तार खऱ्या अर्थाने वाढला तो ‘संतवाणी’मुळे. 1953 च्या ‘गुळाचा गणपती’ या पु. ल. देशपांडे यांच्या चित्रपटात ग. दि. माडगूळकरांचे ‘इंद्रायणी काठी’ गाऊन ते मराठी घराघरांत गेलेच होते. पुढे राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींतील अभंगांनी त्यांना ख्याल न ऐकणारा प्रचंड श्रोतृवर्ग मिळवून दिला. जेथे ख्यालाच्या मैफलीला शंभर माणसे जमणे कठीण, तेथे अभंगांना मैदान भरू लागले. तालुक्याच्या गावांतून आमंत्रणे येऊ लागली. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतही आषाढीच्या सकाळी देवळाच्या कर्ण्यावर त्यांचा आवाज लागलेला असतो. माझ्या पिढीने राग ओळखण्याआधी तो आवाज ओळखला. शास्त्रीय संगीताच्या शुद्धतेचे काही आग्रही यावर नाराज होते. पण त्यांनी अभंगही ख्यालाच्याच गळ्याने गायले, सोपे करून नव्हे.

परदेशाचे दौरेही सुरू झाले. अमेरिका, कॅनडा, नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स आणि इटली येथे ते गायले. न्यूयॉर्क शहरात ज्यांच्या मैफलीची भित्तिपत्रके लागली असे ते पहिले भारतीय कलावंत मानले जातात. 15 ऑगस्ट 1988 रोजी दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रसारित झाले आणि भैरवीतील त्यांचा आरंभीचा स्वर देशातील प्रत्येक दूरचित्रवाणी संचापर्यंत पोहोचला. हा बहुधा त्यांचा एकमेव ‘दौरा’, ज्यासाठी त्यांना गावोगाव जावे लागले नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी उलट दिशेने केली. सप्टेंबर 1952 मध्ये सवाई गंधर्वांचे निधन झाले. गुरूंच्या स्मृतीसाठी 1953 पासून पुण्यात आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने संगीत महोत्सव सुरू झाला. गुरूंचे जावई नानासाहेब देशपांडे आणि भीमसेनजी हे त्यामागचे प्रमुख. स्वतः वर्षभर देशभर फिरणाऱ्या या माणसाने वर्षातले तीन दिवस सारा देश पुण्यात आणला. त्यांच्या भटकंतीचा येथे थेट उपयोग झाला. कोणत्या गावी कोण तरुण चांगला गातो, कोणाचा सतार-सरोदचा हात तयार झाला आहे, हे त्यांना प्रत्यक्ष ऐकून माहीत असे. निमंत्रण देणारा आयोजक स्वतःच कलावंत असल्याने दूरचे मोठे कलाकारही शब्द राखीत. सतरंज्या उचलण्यापासून कलाकारांना स्थानकावर आणायला जाण्यापर्यंतची कामे त्यांनी केली, असे जुने कार्यकर्ते सांगत. महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. अखेरच्या सत्राची सांगता भीमसेनजींच्या गायनाने आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने होई. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनंतर रात्रीच्या सत्रांवर मर्यादा आल्या आणि या परंपरेचे स्वरूप बदलले.

सन्मान येत गेले. पद्मश्री 1972, पद्मभूषण 1985, पद्मविभूषण 1999. महाराष्ट्राने त्यांना ‘महाराष्ट्र भूषण’ दिले आणि कर्नाटकाने ‘कर्नाटक रत्न’. सीमावाद कितीही पेटो, या गवयावर दोन्ही राज्यांचा हक्क दोन्ही राज्यांनी मान्य केला होता. दरम्यान शरीर थकत होते. मेंदूवरील आणि पुढे मानेच्या मणक्यावरील शस्त्रक्रियांनंतर दौरे कमी झाले. ज्या हातांनी सुकाणू धरले, त्यांना चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

डिसेंबर 2007 च्या महोत्सवात, वयाच्या 85 व्या वर्षी, ते व्यासपीठावर आले आणि गायले. महोत्सवातील ते त्यांचे अखेरचे गायन ठरले. नोव्हेंबर 2008 मध्ये भारतरत्न जाहीर झाले. दिल्लीचा प्रवास प्रकृतीला झेपणारा नव्हता. त्यामुळे 10 फेब्रुवारी 2009 रोजी हा सन्मान त्यांना पुण्यात, त्यांच्या राहत्या घरी प्रदान करण्यात आला. 24 जानेवारी 2011 रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले आणि वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. महोत्सवाच्या नावात त्यानंतर गुरूंच्या बरोबरीने ‘भीमसेन’ हे नावही जोडले गेले. दर डिसेंबरात त्यासाठी पेण-अलिबागहूनही रसिकांच्या गाड्या आजही बोरघाट चढतात.